दोन वाजताची नोंद

"सिस्टर, आत्ता किती वाजलेत?"

शेजवळ मॅडमच्या मनगटावर घड्याळ होतं, समोर भिंतीवरही होतं. तरी त्यांनी मलाच विचारलं. मी म्हणाले, "पावणेअकरा, मॅडम."

"मग बारा वाजता नऊ नंबरच्या पेशंटला डाव्या कुशीवर कुणी केलं? आणि दोन वाजता उजव्या?"

त्यांच्या हातात पोझिशन चार्ट होता. नऊ नंबरची खाट रिकामी होती आणि मावशी फिनाईलच्या फडक्याने रबरी गादी पुसत होत्या. त्या खाटेवरचे बिराजदार तात्या सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी गेले होते. साडेदहाला त्यांना खाली शवागारात नेलं होतं. चार्टवर मात्र ते दुपारी दोनपर्यंत नेमाने कूस बदलत राहणार होते.

"दहाला उजवी कूस," मॅडमनी पुढे वाचलं. "मेल्यावर चाळीस मिनिटांनी. या वॉर्डात वेळेवर झालेलं हे पहिलंच काम दिसतंय."

खाटांवरच्या पेशंटांनी चादरी वर ओढून घेतल्या.

"सही कुणाची आहे?"

चारही नोंदींपुढे 'हे. पा.' होतं. हे. पा. म्हणजे हेमलता पारखे, ती माझ्या शेजारीच उभी होती. आम्ही दोघी ट्रेनिंगपासूनच्या मैत्रिणी, एकाच वर्षी त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागलेल्या, आणि तो अख्खा पुरुषांचा वॉर्ड सकाळपाळीत आम्हा दोघींच्या गळ्यात असायचा.

"माझी आहे, मॅडम," हेमा म्हणाली.

हेमाने त्या दिवशी त्या चार्टला बोटही लावलं नव्हतं. चारही नोंदी मी केल्या होत्या, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी, एका दमात.

हे कसं, ते सांगायला हवं. आमच्याकडे ड्यूटीवर आलं की पहिलं काम चार्ट 'पुरे' करायचं. चोवीस पेशंट, दोन सिस्टर. तापमान, नाडी, कूस, सगळं दुपारी दोनपर्यंतचं सकाळीच लिहून टाकायचं, म्हणजे मग कामाला मोकळं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुणी न शिकवताच सगळ्यांना येत होतं. सह्यांचंही तसंच. वाटीभर साखर शेजारणीकडून आणावी तशा आम्ही एकमेकींच्या सह्या उसन्या घ्यायचो. हेमाचं बाळ चार महिन्यांचं होतं. हॉस्पिटलच्या मागेच क्वार्टर्स होत्या, तिथे सासूबाई त्याला सांभाळायच्या. साडेआठला आणि बाराला हेमा वीस मिनिटं पळत जाऊन पाजून यायची. नियमात ते बसत नव्हतं. ती गेली की तिच्या खाटांचे चार्ट मी भरायचे, तिच्या सहीने.

तेव्हा 'ही सही माझी नाही' म्हणायचं तर हेमाला 'मी वॉर्डमध्ये नव्हते' असंही म्हणावं लागलं असतं. बोलायला हवं होतं ते मी.

पण एक तारखेला अकरा जणींच्या कायम होण्याच्या ऑर्डरी निघणार होत्या आणि आम्ही दोघी त्या यादीत होतो. एक मेमो मिळाला की नाव गळणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. क्वार्टर्स एरवी फक्त कुटुंबवाल्यांना मिळायच्या; कायम झालं की एकटीलाही स्वतःची खोली. माझं लग्न मोडलेलं. चार वर्षं मी भावाच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होते, पहाटे वहिनी चहाला उठायच्या आत ते गुंडाळत होते. मला त्या खोलीचं दार हवं होतं, आतून कडी लागणारं. त्यापलीकडे मला काहीही दिसत नव्हतं.

शेजवळ मॅडमना येऊन सहा महिने झाले होते. त्याआधी आमच्याकडे मेट्रन असायच्या, नर्सिंग डायरेक्टर हा प्रकार नवा. बाई अठरा वर्षं मस्कतला राहून आलेल्या. बाकीचे साहेब राउंडला फायली बघायचे, या सरळ पेशंटच्या पाठीखाली हात घालायच्या. आम्ही त्यांना आपापसात 'पाठबाई' म्हणायचो. सहा महिने त्यांनी मीटिंगा घेतल्या, तक्ते लावले, गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. आम्ही 'हो मॅडम' म्हणत राहिलो आणि चार्ट सकाळीच भरत राहिलो.

बिराजदार तात्या अर्धांगाचे पेशंट म्हणून आले तेव्हा पाठ स्वच्छ होती. बाविसाव्या दिवशी गेले तेव्हा कमरेखाली तळहाताएवढी जखम होती, खाली हाड दिसत होतं. त्यातला पू रक्तात उतरला. अर्धांगाने ते मेले नाहीत, हे आम्हाला कळत होतं. फक्त कुणी तसं म्हणत नव्हतं.

"पारखे सिस्टर," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मेमो हवा की खाट?"

"म्हणजे, मॅडम?"

"मेमो घेतलात तर यादीतून नाव जाईल. नाहीतर ही खाट. अकरा वाजतायत. दोन वाजेपर्यंत इथे उताणं झोपायचं. हात हलवायचा नाही, पाय हलवायचा नाही, कूस बदलायची नाही. बिराजदार बावीस दिवस झोपले, तुम्ही तीन तास झोपा."

"मॅडम, बाराला बाळाला पाजायला…"

"बिराजदारांनाही बाराला काहीतरी हवं असेल. आपल्याला कधी कळलं नाही."

हेमाने माझ्याकडे बघितलं. मी चार नंबरच्या सलाइनकडे बघितलं. सलाइन व्यवस्थित चालू होतं.

तिने चपला काढल्या, नीट जोडून खाटेखाली ठेवल्या आणि ती त्या ओलसर गादीवर आडवी झाली. मावशींनी वर चादर घातली होती तेवढीच. चोवीस खाटांचा वॉर्ड, सगळे पुरुष, त्यांचे नातेवाईक, आणि मधोमध पांढऱ्या ड्रेसातली सिस्टर छताकडे डोळे लावून पडलेली. कुणाला काय चाललंय ते कळेना. पण बघत सगळेच होते.

"भालके सिस्टर, नोंद तुम्ही ठेवायची." मॅडमनी कोरा चार्ट माझ्यापुढे धरला. "दर तासाला खाटेजवळ जायचं, पाठीखाली हात घालून बघायचं, पेशंटला विचारायचं, मग लिहायचं. आधी लिहायचं नाही. एवढं जमेल ना?"

मी नाव लिहिलं. हेमलता पारखे, वय सव्वीस, खाट नऊ. माझं तेच गोल गोल अक्षर सकाळच्या चार्टवर होतं आणि दोन्ही चार्ट मॅडमच्या हाताशी होते.

अकरा वाजता मी तिच्या पाठीखाली हात घातला. ती हळूच म्हणाली, "शैले, सासूबाईंना निरोप दे. बारा वाजता वाट बघतील." मी मावशींना पाठवलं. लिहिलं: त्वचा ठीक, तक्रार नाही.

बारा वाजता तिचा ड्रेस छातीवर ओला झाला होता. आधी दोन छोटे डाग होते, बघता बघता ते पसरले. दूध वेळेवर आलं होतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत. सहा नंबरचा म्हातारा चांगला माणूस, तो भिंतीकडे तोंड करून झोपला. अकरा नंबरकडे आलेले दोघे भाऊ मात्र बघत राहिले. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. हेमाने डोळे मिटून घेतले. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात जात होतं आणि ते पुसायला तिला हात उचलता येत नव्हता.

टॉवेल कपाटात होता आणि कपाट दहा पावलांवर. मॅडम टेबलाशी उभ्या होत्या. मी टॉवेल आणला नाही.

मी लिहिलं: माकडहाडाशी लाली. तक्रार: दूध दाटलंय, छाती दुखते.

मॅडमनी ते वाचलं. "तक्रारीच्या रकान्यात या वॉर्डात काहीतरी लिहिलेलं मी पहिल्यांदा बघतेय," त्या म्हणाल्या.

सव्वाबाराला बिराजदार आजी आल्या. मुलगा पुण्याहून निघाला होता, तो येईपर्यंत प्रेत हलवायचं नव्हतं, म्हणून त्या खाली बाकावर बसून होत्या. तात्यांचा चष्मा खाटेशेजारच्या कपाटात राहिला होता, तो न्यायला त्या वर आल्या. नऊ नंबरवर सिस्टर झोपलेली बघून थबकल्या.

"हिला काय झालंय ओ?"

मॅडमनी त्यांना सांगितलं. आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुमच्या मालकांची कूस बदलली असती तर जखम झाली नसती, आमच्या सिस्टरनी ती नुसती कागदावर बदलली. माझं सगळं आयुष्य हॉस्पिटलात गेलं, पण कुठल्याही साहेबाने मेलेल्याच्या बायकोला इतकं खरं सांगितलेलं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही.

आजी हेमाकडे वळल्या. तिच्या ओल्या छातीकडे त्यांची नजर गेली. मला वाटलं, आता या म्हणतील, उठवा लेकीला. म्हाताऱ्या बाया म्हणतात तसं.

"झोपू द्या," आजी म्हणाल्या. "आमचे बी झोपले होते."

त्यांनी कपाटातून चष्मा घेतला, पदराने पुसला आणि स्टूल ओढून त्या खाटेशेजारी बसल्या.

"रोज मनायचे मी, बाई, जरा वळवा ओ त्यांला, लई कण्हायलेत. तर मनायच्या, वळवलंय आजी, हे बगा लिवलंय. मला कुठं वाचता येतंय. लिवलंय मनल्यावर गप बसायचे." मग त्यांनी मान वर केली आणि बोट थेट माझ्याकडे केलं. "पर ही न्हवती. मला कागूद दाखवायची ती ही."

मॅडम वळल्या. हेमाने डोळे उघडले. सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता. तेव्हा मला 'हो' म्हणता आलं असतं. एक शब्द होता. आजींनी तो माझ्या तोंडाजवळ आणून ठेवला होता.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पेशंटशी बोलतो त्या मऊ आवाजात म्हणाले, "आजी, तुमच्यावर प्रसंगच असा आलाय. आत्ता तुम्हाला काही सुचत नाहीये. आम्ही सगळ्या सिस्टर सारख्याच दिसतो."

आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खांदा काढून घेतला. "असंल बाई," त्या म्हणाल्या. "माझी नजर बी गेलीय आता."

नजर तर त्यांची शाबूत होती. मला त्या वेळी सुटका झाल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. लाज नंतर वाटली, आणि ती अजून वाटते.

मॅडम माझ्याकडेच बघत होत्या. खाली मुलाची गाडी आली तसा आजींना निरोप आला आणि त्या चष्मा मुठीत धरून गेल्या.

एक वाजता हेमाचा चेहरा पांढरा पडला होता. मी पाठीखाली हात घातला तर कपडा घामाने चिकटलेला. "पाय बधिर झालाय," ती म्हणाली. मग ओठ जेमतेम हलवून म्हणाली, "शैले, सांग ना."

मी लिहिलं: लाली वाढली, पाय बधिर. पुढचे दोन शब्द लिहिले नाहीत.

मॅडमना एक वाजता वरच्या मजल्यावर बैठक होती. जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, पण नुसतं "दोन वाजता येते" म्हणून गेल्या.

त्या तासाबद्दल मला फार काही सांगता येणार नाही. औषधं दिली, दोन इंजेक्शनं दिली, दुपारपाळीसाठी रिपोर्ट लिहिला. नऊ नंबरच्या बाजूने जायला लागू नये म्हणून मी पलीकडच्या ओळीतून वळसा घालून जात होते. क्वार्टर्सच्या बाजूची खिडकी उघडी होती. बाळ रडत होतं. ते हेमाचंच होतं की दुसऱ्या कुणाचं, हे मी स्वतःला विचारलं नाही. हेमाला मात्र कळत असणार.

पावणेदोनला मी टेबलाशी बसले. चार्टवरचा शेवटचा रकाना रिकामा होता. तिथून खाट वीस-बावीस पावलांवर असेल. माझ्याने उठवेना. तिच्या पाठीखाली पुन्हा हात घालायचा, तिने पुन्हा 'सांग ना' म्हणायचं, हे मला नको होतं. मी पेन उचललं आणि लिहिलं: दुपारी दोन. त्वचा लाल, जखम नाही. तक्रार नाही. सही केली, या वेळी माझी स्वतःची.

दोन वाजून दहा मिनिटांनी मॅडम आल्या. चार्ट वाचला, खाली स्वतःची सही केली आणि म्हणाल्या, "उठा, पारखे सिस्टर."

हेमाला उठता येईना. दुपारच्या दोघींनी तिला बसवलं. पाय जमिनीला टेकवताच ती कळवळली. चपला घालायचं तिला सुचलं नाही, तशीच भिंतीला धरत धरत क्वार्टर्सकडे गेली. तिच्या चपला मी मावशींच्या हाती पाठवल्या. मी गेले नाही.

त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. दोन्ही बाजूंना गाठी आल्या, एका बाजूला चीर द्यावी लागली. आठ दिवसांनी ती कामावर आली तेव्हा दूध गेलेलं होतं आणि बाळ बाटलीवर होतं.

एक तारखेला ऑर्डरी निघाल्या. दोघींच्याही निघाल्या, मॅडम शब्दाला पक्क्या होत्या. माझी ऑर्डर घ्यायला मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि त्यावरचं बोट काढलं नाही.

"नऊ नंबरच्या चार्टवरचं अक्षर तुमचं होतं," त्या म्हणाल्या. "सहा महिने तुमचे रिपोर्ट वाचतेय मी. बघताक्षणी ओळखलं."

"मग मॅडम, मला का नाही झोपवलंत?"

"तुम्हाला झोपवलं असतं तर चार दिवस चर्चा झाली असती. पाजती बाई ओल्या कपड्यांत तीन तास पडलेली कुणी जन्मात विसरणार नाही. मला दोनशे पाठींचं बघायचं होतं." त्यांनी बोट उचललं. "तरी तुम्ही बोलला असतात तर तिथेच थांबवलं असतं. आजींनी बोट दाखवलं तेव्हाही वाट बघितली मी. तुम्ही म्हातारीलाच वेडं ठरवलंत."

मी ऑर्डर घेतली. पाठ फिरवताना त्या म्हणाल्या, "तोंड बंद ठेवायची तुमची ताकद फार मोठी आहे, भालके सिस्टर. मला ती उपयोगी पडेल." दोन वर्षांनी त्यांनी मला वॉर्डची इन्चार्ज केलं. आज मी स्वतः एका मोठ्या हॉस्पिटलची नर्सिंग डायरेक्टर आहे, ती त्यांच्याच शिफारशीने.

आणि सांगायला जड जातं, पण पाठी बऱ्या झाल्या. त्या दिवसानंतर आमच्याकडे आधी चार्ट भरायची कुणाची छाती झाली नाही. बारा वाजले की दोनशे खाटांवर दोनशे माणसं खरोखर कुशीवर व्हायची. तीन महिन्यांत नवी जखम एकही नाही. बाहेरगावची हॉस्पिटलं बघायला यायची. तपासणीच्या लोकांना मॅडम हेमाचा तो चार्ट दाखवायच्या, नोंद कशी असावी याचा नमुना म्हणून. चार नोंदी, स्वच्छ अक्षर, वेळच्या वेळी. चौथी सोडली तर सगळ्या खऱ्या. शेजवळ मॅडमनी हजार चार्ट पकडले असतील, तो एक त्यांना कधी पकडता आला नाही.

हेमा माझ्याशी भांडली नाही. ड्यूटीपुरतं बोलायची, सलाइन संपलंय, सात नंबरला ताप आहे, एवढंच. तिच्या खाटांचे चार्ट तीच भरायची. दीड वर्षाने तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि तिने राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी लिनन रूममध्ये ती आणि मी दोघीच चादरींच्या घड्या घालत होतो. चादरीची दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या. मी मनाचा हिय्या केला.

"हेमा, त्या दिवशी मी सांगणार होते. दोन वाजता नक्की सांगणार होते, पण…"

"दोन वाजता तू आलीच नाहीस," ती म्हणाली. तिने चादर ताणून धरली आणि तिच्यावरून तळवा फिरवला. "मी घड्याळाकडे बघत होते. तू येशील म्हणून. तू सांगशील ही आशा मी एक वाजताच सोडली होती. पाठीखाली चादर गोळा झाली होती गं. तेवढी ओढून सरळ करशील, एवढंच वाटत होतं."